बापूजी अण्यांच्या घरावर पाटण्याची साडेचार वर्षेही लिहा

प्रति,
यवतमाळचे लोकप्रतिनिधी, नगरपरिषदेचे पदाधिकारी, जिल्हा प्रशासन आणि लोकनायकांच्या नावाने जयंती-पुण्यतिथी साजरी करणारी सर्व मंडळी

विषय : बिहारचे राज्यपाल लोकनायक माधव श्रीहरी अणे यांचे यवतमाळच्या निवासस्थानी यथोचित स्मरण

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २९ ऑगस्टला बापूजी अण्यांच्या तसबिरीला हार पडतो. भाषणे होतात. त्यांत लोकमान्य टिळक येतात, पुसदचा जंगल सत्याग्रह येतो, वेगळा विदर्भ येतो. मग वक्ता ‘पुढे ते बिहारचे राज्यपालही झाले’ एवढे म्हणतो आणि थेट २६ जानेवारी १९६८ ला, म्हणजे पुण्यातल्या त्यांच्या निधनावर, येऊन पोचतो. त्या एका ‘ही’त जवळजवळ साडेचार वर्षे गडप होतात. १२ जानेवारी १९४८ ते १४ जून १९५२ हा काळ म्हणजे स्वतंत्र भारतात राज्यपाल या पदाची घडण होत होती तो काळ. त्या घडणीत यवतमाळचा एक वकील पाटण्यात बसून सह्या करत होता आणि त्याच्या स्वतःच्या गावात त्या वर्षांची खूण नाही.

आमचा रोजचा संबंध जुन्या घरांशी आणि जुन्या कागदांशी येतो. चुन्याची भिंत कशाने फुगते, पत्रावरची शाई कशाने जाते, फलकावरची एक चुकीची तारीख पुढे किती पुस्तकांत शिरते, हे आम्ही जवळून पाहतो. म्हणून हे पत्र थोडे तपशिलाचे होईल. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

आमची पहिली तक्रार त्या गडप झालेल्या वर्षांबद्दल आहे.

बापूजींनी सूत्रे हाती घेतली तेव्हा बिहार हा ‘प्रांत’ होता आणि कारभार ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यात जरूर ते फेरफार करून चालला होता. त्यांनी पद सोडले तेव्हा बिहार हे राज्यघटनेखालचे ‘राज्य’ झाले होते आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली होती. आजचे झारखंडही तेव्हा बिहारातच होते. शपथ घेऊन अठरा दिवस होतात न होतात तोच दिल्लीत गांधीजींचा खून झाला. १८ मे १९४८ ला सराईकेला आणि खरसावाँ ही संस्थाने बिहारात सामील झाली. मुख्यमंत्री होते श्रीकृष्ण सिन्हा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे जमीनदारी रद्द करण्याचा कायदा.

या कायद्याचा प्रवास शाळेतल्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवायला पुरेल. ३० डिसेंबर १९४९ ला विधेयक बिहारच्या विधानसभेत आले. मंजूर झाल्यावर ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले गेले. ११ सप्टेंबर १९५० ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांची संमती मिळाली. दरभंग्याचे महाराज कामेश्वर सिंह आणि इतर जमीनदार न्यायालयात गेले. १२ मार्च १९५१ ला पाटणा उच्च न्यायालयाने कायदा रद्द ठरवला. जूनमध्ये अशा जमीन कायद्यांना न्यायालयात संरक्षण देणारी घटनेची पहिली दुरुस्ती झाली. मे १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन तरतुदी वगळून कायदा उचलून धरला. पुढच्याच महिन्यात बापूजी निवृत्त झाले. म्हणजे विधेयक मांडल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत सगळे त्यांच्या कारकिर्दीत घडले. राज्यपालाचे काम काय असते, विधेयक ‘राखून ठेवणे’ म्हणजे काय, न्यायालय आणि संसद एकमेकांसमोर कशी येतात, हे या सहा टप्प्यांत दिसते. यवतमाळच्या मुलाला हे आपल्या गावच्या माणसाच्या घरी उभे राहून वाचता यावे, एवढी साधी आमची इच्छा आहे.

दुसरी तक्रार चुकीच्या उल्लेखांची. ‘बिहारचे पहिले राज्यपाल’ असे बापूजींबद्दल सर्रास म्हटले जाते. स्वातंत्र्यानंतरचे पहिले राज्यपाल जयरामदास दौलतराम होते. १५ ऑगस्ट १९४७ पासून जानेवारी १९४८ पर्यंत. त्या मोजणीने बापूजी दुसरे. मात्र २६ जानेवारी १९५० ला घटना अमलात आली तेव्हा त्या पदावर बापूजी होते. म्हणून घटनेखालच्या बिहार राज्याचे पहिले राज्यपाल तेच. दोन्ही विधाने खरी आहेत, पण ‘पहिले’ हा एकटा शब्द कोरला तर पाटण्याहून येणारा पहिलाच अभ्यासक तो खोडून काढील, आणि एकदा एक गोष्ट खोटी ठरली की बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास जातो. फलकावर फक्त वर्षे लिहावीत. वर्षांशी कुणी भांडत नाही.

‘लोकनायक’ या शब्दाचेही तसेच. महाराष्ट्रात लोकनायक म्हटले की अणे. बिहारात लोकनायक म्हटले की जयप्रकाश नारायण, दुसरे कुणी नाही. हिंदीतल्या मजकुरात नुसते ‘लोकनायक’ लिहिले तर बिहारी वाचक गोंधळेल. म्हणून हिंदीत पूर्ण नाव आधी यावे आणि ते ‘अणे’ असेच, ‘ण’ ठेवून लिहावे. रोमन लिपीतल्या स्पेलिंगवरून हिंदीत परत आणले की या आडनावाची रूपे बदलतात.

तिसरी तक्रार ‘स्मारक’ या शब्दाचा आपल्याकडे जो अर्थ झाला आहे त्याबद्दल. स्मारक म्हटले की सिमेंटचा सभामंडप, काळा ग्रॅनाइट, अर्धपुतळा, त्यावर पत्र्याची छत्री, भूमिपूजनाची एक कोनशिला आणि लोकार्पणाची दुसरी. त्या दोन कोनशिलांवर जितकी नावे असतात, तितके शब्दही ज्याचे स्मारक त्याच्याबद्दल नसतात. मग मंडप लग्नांना भाड्याने जातो. ज्या घरात माणूस राहिला त्या घराशी या सगळ्याचा काही संबंध उरत नाही. बापूजींच्या वाट्याला हे येऊ नये.

त्यांच्याच पिढीतल्या इतर राज्यपालांची घरे पाहा. उत्तर प्रदेशच्या (तेव्हाच्या संयुक्त प्रांताच्या) पहिल्या राज्यपाल सरोजिनी नायडू. हैदराबादचे त्यांचे ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ कन्या पद्मजा नायडूंनी हैदराबाद विद्यापीठाला दिले आणि विद्यापीठाची सुरुवात त्या घरात झाली. पश्चिम बंगालचे पहिले राज्यपाल राजगोपालाचारी. होसूरजवळच्या थोरापल्लीतले त्यांचे जन्मघर तमिळनाडू सरकारने स्मारक म्हणून जपले आहे. आणि ज्यांचे संस्कृत काव्यचरित्र बापूजींनी लिहिले, ज्या ग्रंथाला त्यांच्या पश्चात १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या लोकमान्यांचे काय? लंडनमध्ये मेडा व्हेल भागात १०, हाउली प्लेस या घरावर १९६१ पासून निळा फलक आहे. टिळक तिथे १९१८-१९ मध्ये राहिले होते. एवढ्या मुक्कामाची लंडन नोंद ठेवते. पुणे महापालिकेनेही थोरांच्या घरांवर निळे फलक लावले आहेत. यवतमाळला हे जमणार नाही असे त्यात काही नाही.

आता हे करायचे कसे, ते.

आधी घर सिद्ध करावे लागते. ‘लोक सांगतात’ एवढ्यावर फलक लावू नये. बापूजींचा जन्म वणीचा, १८८० चा. १९०८ च्या सुमारास ते यवतमाळला वकिलीसाठी आले. पुढे तुरुंग, दिल्लीचे केंद्रीय कायदेमंडळ, १९४३ ते ४७ सिलोन, मग पाटणा, १९५९ पासून पुन्हा लोकसभेसाठी दिल्ली. एवढ्या धावपळीच्या आयुष्यात माणूस एकाच पत्त्यावर राहत नाही. म्हणून कोणते वर्ष कोणत्या घरात गेले याचा तक्ता करावा आणि प्रत्येक ओळीला किमान दोन स्वतंत्र कागदांचा आधार असावा. विदर्भात त्यासाठी साधने चांगली आहेत. भूमि अभिलेख कार्यालयातले नझूलचे शीट आणि आखीव पत्रिका. त्यावरून मालकी आणि फेरफार कळतात. नगरपरिषदेच्या जुन्या कर आकारणी नोंदवह्या. त्यात भोगवटादाराचे नाव मिळते, आणि भाड्याने राहणारा माणूस फक्त तिथेच सापडतो. मतदार याद्या. वकिलीच्या कागदांवरचे छापील पत्ते. आणि पाकिटे. जुनी पत्रे जपणारे पाकीट फेकून देतात, पण पत्ता आणि टपालाचा शिक्का त्यावरच असतो.

एक सूचना शोधणाऱ्यांसाठी : ब्रिटिश काळच्या इंग्रजी कागदांत गावाचे नाव ‘येवतमाळ’ असे वाचावे अशा स्पेलिंगने येते आणि प्रांत ‘बेरार’ असतो. आजच्या स्पेलिंगने सूचीत शोधले तर निम्मे कागद हाती लागत नाहीत.

जुनी भिंत उभी असेल तर फलकावर ‘येथे राहत होते’ लिहावे. तिथे नवे बांधकाम आले असेल तर ‘या जागी त्यांचे घर होते’ लिहावे आणि फलक कुंपणावर किंवा रस्त्याकडेच्या दगडी खांबावर लावावा. नव्या इमारतीवर ‘येथे राहत होते’ असे लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याला फसवणे. दोन्ही बाबतींत आजच्या मालकाची लेखी संमती आधी घ्यावी. फलकामुळे मालकी बदलत नाही, कर वाढत नाही, घर विकायला आडकाठी येत नाही, हे त्या संमतिपत्रातच स्पष्ट असावे. घरे फलकाविना राहतात ती बहुधा याच भीतीने. आणि जयंतीला मालकाच्या दारात मंडप घालायचा नाही, हेही त्यात असावे.

फलकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चूक इथेच होते. चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी रंगाची अक्षरे हा प्रकार विदर्भाच्या उन्हात टिकत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर तीन-चार उन्हाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात आणि उरलेली खाच काळ्यावर काळी दिसते. शिवाय दगडात आकाशाचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे दुपारी काही वाचता येत नाही. लंडनचा निळा फलक भाजलेल्या मातीचा असतो. व्यास ४९५ मिलिमीटर, जाडी सुमारे ५० मिलिमीटर, आणि मध्ये किंचित फुगीर, म्हणजे पावसाचे पाणी धूळ घेऊन खाली उतरते. आपल्याकडे जुन्या घरांवर एनॅमलच्या नंबरपाट्या असत. त्या पन्नास-साठ वर्षांनीही वाचता येतात, कारण लोखंडावर भाजून बसवलेल्या काचेच्या थराला ऊन काही करत नाही. टवका उडाला की मात्र तिथून गंज धरतो, म्हणून भोके भाजण्याआधीच पाडून घ्यावी लागतात. यवतमाळसाठी ६०० बाय ४५० मिलिमीटरची एनॅमलची पाटी, गडद निळ्यावर पांढरी अक्षरे, हे आमच्या मते सर्वांत टिकाऊ.

अक्षराची उंची अंतरावर ठरते. साधारण दर तीन मीटरला दहा मिलिमीटर धरावे. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे सात-साडेसात मीटरवरून वाचायचे तर २५ मिलिमीटर, आणि नाव ४० मिलिमीटर. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. रफार, वेलांट्या, मात्रा वर जातात, उकार खाली येतात. इंग्रजी फलकाच्या हिशेबाने ओळी लावल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. ‘श्रीहरी’तला श्री पातळ टंकात भरून जातो आणि दुरून डाग दिसतो. म्हणून पाटी भाजायला देण्याआधी पूर्ण आकाराची कागदी प्रत त्याच जागी चिकटवावी, सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर रस्त्यापलीकडून वाचून पाहावी, आणि गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला वाचायला लावावी. याला खर्च नाही.

मजकूर आम्ही असा सुचवतो :

माधव श्रीहरी (बापूजी) अणे
१८८०–१९६८
वकील, संसदपटू, बिहारचे राज्यपाल (१९४८–१९५२)
येथे राहत होते

खाली बारीक अक्षरात हिंदी आणि इंग्रजी. उद्घाटकाचे नाव नको.

पाटी बसवताना स्क्रू पितळी किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. लोखंडी खिळ्याचा गंज पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर ओघळतो आणि तो डाग निघत नाही. भोक विटेत पाडू नये, सांध्यातल्या चुन्यात पाडावे. वीट फुटली तर परत मिळत नाही, सांधा पुन्हा भरता येतो. पाटी आणि भिंत यांत दहा-बारा मिलिमीटर फट राहू द्यावी, नाहीतर मागे ओल साठते आणि पाली-मुंग्या घर करतात. खालची कड जमिनीपासून सव्वादोन मीटरवर.

भिंतीच्या दुरुस्तीबाबत आमची कळकळीची विनंती आहे : जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू नका. उद्घाटनाच्या दिवशी तो छान दिसतो. पण जुनी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बंद होते. पाणी आत वर चढते, क्षार विटेतच फुलतात, विटेचा भुगा होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांनी सिमेंटचा सगळा पापुद्रा विटेची चामडी घेऊन खाली येतो. तेव्हा ठेकेदाराची मुदत संपलेली असते. त्याऐवजी चुना किमान पंधरा दिवस पाण्यात भिजलेला, एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग धुतलेली वाळू, थोडी विटेची पूड. बारा मिलिमीटरपेक्षा जाड थर एका वेळी नको. आणि ओली पोती टांगून निदान आठवडाभर ओलावा. यवतमाळच्या एप्रिल-मे महिन्यांत हे काम काढूच नये, गिलावा वाळण्याआधीच तडकतो. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारी, हा त्याचा हंगाम. निविदेचे वेळापत्रक मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईवर ठरते आणि काम नेमके उन्हाळ्यात येते. एवढे तरी बदलावे.

दुसरा शत्रू काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. छपराची पन्हळ जोत्याजवळ सांडत असेल तर भिंतीचा एक कोपरा बसणारच. जोत्याभोवती मीटरभर फरशी, बाहेरच्या बाजूला उतार (चाळीसाला एक), आणि पन्हळीचे पाणी नाल्यात. कवेलू असतील तर ते दरवर्षी पावसाळ्याआधी फेरून घ्यावे लागतात. एक फुटके कवेलू आणि त्याखालचा सागाचा वासा, यांचा हिशेब उधई बरोबर ठेवते. भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे रोप दिसले तर बोटाएवढे असतानाच मुळासकट काढावे.

कागदपत्रांचे प्रकरण वेगळे आहे आणि त्यात बांधकामापेक्षा कमी पैसा लागतो. बापूजींचे कागद दिल्लीत, पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात आहेत. बिहारचे कागद पाटण्याच्या राज्य अभिलेखागारात, लोकसभेतली भाषणे संसदेच्या छापील कामकाजात. यांच्या डिजिटल प्रती रीतसर पत्रव्यवहार करून मागवता येतात. त्यातून राज्यपाल म्हणून बिहारच्या विधिमंडळापुढे त्यांनी केलेली अभिभाषणे मराठी भाषांतरासह एका पुस्तिकेत छापावीत.

गावातल्या घरांतून बापूजींची पत्रे, निमंत्रणे, छायाचित्रे मिळाली तर मूळ प्रत घरमालकाकडेच राहू द्यावी. ४०० डीपीआयवर स्कॅन करावे, तीन प्रती तीन वेगळ्या जागी ठेवाव्यात. लॅमिनेशन कधीही करू नये. उष्णतेने शाई बदलते आणि प्लास्टिक कागदापासून पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीचा पिवळा डाग कायमचा. मूळ कागद मांडायचाच असेल तर उजेड ५० लक्सच्या आत आणि तीन महिन्यांनी कागद बदलावा. आणि विदर्भातली खास चूक : दस्तऐवजांच्या खोलीत कूलर. मेमध्ये हवा कोरडी ठाक असते, कूलर तीत पाणी भरतो, संध्याकाळी बंद केला की पुन्हा कोरडी. रोजच्या या चढउताराने कागद लाटा घेतो आणि बुरशीला निमंत्रण मिळते. जाड भिंतीची, उत्तरेकडची, साधा पंखा असलेली खोली कूलरच्या खोलीपेक्षा बरी.

घरात प्रदर्शन मांडायचे झाले तर चार फलक पुरतात. एक यवतमाळ आणि पुसद : वकिली, टिळकांची चळवळ, जुलै १९३० मध्ये राखीव जंगलातले गवत कापून केलेला कायदेभंग. दुसरा दिल्ली. इथे हातचे राखून लिहू नये. बापूजी घटनेचा आराखडा करणाऱ्या १९२८ च्या नेहरू समितीचे सभासद होते, १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते, जातीय निवाड्यावरून (ब्रिटिशांनी धर्म-समाजवार स्वतंत्र मतदारसंघ देण्याचा निर्णय) १९३४ मध्ये मालवीयांबरोबर काँग्रेसपासून वेगळे झाले, आणि १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर त्या काळी टीका झाली आणि आजही मतभेद आहेत. ते फलकावर असू द्यावेत. मतभेद गाळून केलेल्या चरित्रात बापूजी ओळखू येणार नाहीत.

त्याच फलकावर फेब्रुवारी १९४३ यावा. गांधीजींचे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण चालू होते. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते, म्हणून बापूजी, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार या तिघांनी कार्यकारी मंडळाचे राजीनामे दिले. सरोजिनी नायडू तेव्हा आगाखान पॅलेसच्या आत कैदेत होत्या. पुढे पाच-सहा वर्षांत सरोजिनीबाई उत्तर प्रदेशच्या राज्यपाल झाल्या, त्यांच्यानंतर होमी मोदी, आणि बापूजी बिहारचे. स्वतंत्र भारताचे पहिल्या फळीतले राज्यपाल कुठून आले, हे या एका प्रसंगात समजते. तिसरा फलक पाटण्याचा, जमीनदारी कायद्याच्या वर सांगितलेल्या सहा टप्प्यांसह. चौथा वाङ्मयाचा आणि शेवटच्या वर्षांचा. १९६८ चे पद्मविभूषण आणि निधन एकाच प्रजासत्ताक दिनाचे.

कायद्याबद्दल एवढेच की, फलकाने घराला संरक्षण मिळत नाही. ते हवे तर १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारके कायद्याचा मार्ग आहे : प्राथमिक अधिसूचना, हरकतींसाठी दोन महिने, मग अंतिम अधिसूचना. घर विकत घ्यायचा विचार असेल तर वापर-बदलाची परवानगी आधी पाहावी. लंडनमधले डॉ. आंबेडकरांचे १०, किंग हेन्रीज रोडचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले. राहत्या घराचे संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली आणि परवानगी मिळायला २०२० उजाडले.

आमच्या मागण्या :

१. बापूजींच्या यवतमाळातल्या निवासाचा पुराव्यासह तक्ता करायला एक छोटा अभ्यासगट नेमावा. त्यात भूमि अभिलेखाचा एक माणूस, इतिहासाचा एक अध्यापक आणि जुन्या बांधकामाचा एक जाणकार असावा. मुदत सहा महिने. तक्ता जाहीर करून हरकती मागवाव्यात.

२. सिद्ध झालेल्या घरावर किंवा जागेवर एनॅमलचा फलक लावावा. मजकुरात राज्यपालपदाची वर्षे असलीच पाहिजेत. वणीच्या जन्मस्थानाचा फलक वेगळा. दोन्हींचा मजकूर एकच नको.

३. जुन्या भिंतीच्या कोणत्याही कामात सिमेंटचा गिलावा आणि फरशीचे आवरण यांना निविदेतच मनाई असावी.

४. बांधकामाला मंजूर होईल तेवढीच रक्कम पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी वेगळी ठेवावी. ती ठेवता येत नसेल तर बांधकाम करू नये, फलक लावून थांबावे.

५. दिल्ली आणि पाटण्याहून कागदांच्या प्रती मागवणारे पत्र येत्या २९ ऑगस्टच्या आत जावे आणि त्याचा जावक क्रमांक जाहीर व्हावा.

६. जयंतीच्या दिवशी एक तास फक्त पाटण्याच्या वर्षांसाठी द्यावा. लोकनायक बापूजी अणे महिला महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींनी जमीनदारी कायद्याचे सहा टप्पे मांडून दाखवले तरी पुष्कळ झाले.

कागद वाचणे, मजकूर तपासणे, चुना भिजवण्यापासून भिंतीपर्यंतचे काम समोर उभे राहून करून घेणे, यांसाठी आमच्यातले लोक विनामोबदला यायला तयार आहेत. ज्या दिवशी फलकाची कागदी प्रत भिंतीला चिकटवाल त्या दिवशी आम्हाला कळवा. रस्त्यापलीकडून ती वाचून पाहायला आम्ही येऊ.

आपले,
विदर्भातल्या जुन्या घरांचे आणि कागदपत्रांचे काम करणारे